डॉक्टरांनी विचारली सिगारेट, वहिनींची होती मशेरी

आमच्या शेजारच्या वहिनींचं गेल्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालं. त्यांचं नाव सांगत नाही, कारण लिहायची परवानगी त्यांनी दिली ती याच अटीवर. वय बेचाळीस. तीन बाळंतपणं, त्यांतली दोन सिझेरियन. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले आणि खाली कातडीची झोळी लोंबलेली. निऱ्या खोचतो तिथं घामानं कायमची लाली आणि पुरळ. पावडरी झाल्या, मलमं झाली, पट्टा बांधून झाला. शेवटी जिल्ह्याच्या गावच्या प्लॅस्टिक सर्जननी सुचवलं, की फाकलेले स्नायू शिवून घेऊ आणि जादा कातडी काढून टाकू.

प्लॅस्टिक सर्जरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातल्या नट्याच येतात. "या वयात कुणाला दाखवायचंय पोट?" असं वहिनींच्या सासूबाई म्हणाल्याही. पण ज्या बाईला वाकून लादी पुसता येत नाही, जिच्या छातीच्या वजनानं खांद्यांवर पट्ट्यांचे खळगे पडलेत, स्टोव्हच्या भडक्यानं जिची मान आखडून गेलीय, तिला हे ऑपरेशन म्हणजे नटणं-मुरडणं नव्हे. आणि समजा एखादीला निव्वळ बरं दिसावं म्हणून करायचं असेल, तरी त्यात चोरी कसली?

तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनी दाखल झाल्या. नर्सबाई फॉर्म भरत होत्या. साखर? नाही. ब्लडप्रेशर? नाही. "विडी, सिगारेट, दारू?" यावर वहिनींचे मालक खो खो हसले. "अहो सिस्टर, आमच्या घरात हे विचारायचं तर मला विचारा!" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "छे, काहीच नाही." नर्सबाईंनी रेघ मारली. पर्समध्ये, रुमालाखाली, मशेरीची डबी होती.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा बेंबीच्या खाली, टाक्यांच्या वरच्या अंगाला, तळहाताएवढा भाग निळसर पडलेला. दोन-तीन दिवसांत तो काळा ठिक्कर झाला, वाळक्या चामड्यासारखा. डॉक्टर चक्रावले. पुन्हा विचारलं, "सिगारेट नाही ना?" पुन्हा तेच उत्तर, आणि तेही अगदी खरं. कोडं उलगडलं ते वॉर्डातल्या मावशींमुळं. पाणी द्यायला आल्या होत्या, त्यांनी वहिनींच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मशेरी लावता व्हय? मीबी लावते."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. किती वेळा? दिवसातून पाच-सहा वेळा. कधीपासून? लग्नाआधीपासून; दाढ दुखायची म्हणून आईनंच लावायला शिकवली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी? हो, लावली होती. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, मशेरी काही खाणं नव्हे! "अहो, मला आधी सांगायचं नाही का?" डॉक्टर म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सिगारेट विचारलीत."

काळी पडलेली कातडी कापून काढावी लागली. जखम उघडी ठेवून दोन महिने ड्रेसिंग. एक दिवसाआड रिक्षानं जायचं-यायचं, घरात धाकट्याची परीक्षा, आणि खर्च सगळा खिशातून, कारण असल्या ऑपरेशनला विमा सहसा पैसे देत नाही. डॉक्टर प्रामाणिक होते. एकट्या मशेरीनंच हे झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही म्हणाले. कातडी जास्त ताणली गेली, साखर वाढलेली असली, अंगात चरबी फार असली तरी असं होऊ शकतं. "पण मला ठाऊक असतं तर मी ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं असतं," एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

हे ऐकल्यापासून माझ्या मनातून तो फॉर्म जात नाही. आपल्या देशात २०१६-१७ साली प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी सरकारी पाहणी झाली. तीत पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या शेकडा २ निघाल्या, आणि धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या शेकडा १२.८. म्हणजे धूर ओढणाऱ्या एका बाईमागं दाढेत, हिरडीवर नाहीतर पानात तंबाखू ठेवणाऱ्या सहा बायका. आणि फॉर्मवर विचारतात काय, तर सिगारेट!

बरं, मशेरीला आपल्यापैकी कितीजणी तंबाखू समजतात? तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, की झालं दात घासायचं. ती न्हाणीघरात राखुंडीशेजारी बसते. दात दुखला, लाव. पोट साफ होत नाही, लाव. कामानं जीव शिणला, घटकाभर दाराआड बसून लाव. सरकारनं १९९२ साली दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण येतंय बघायला? तपकिरीचं तेच, जर्द्याच्या पानाचं तेच, विदर्भातल्या खऱ्र्याचं तेच. आमच्या आजीला "तू तंबाखू खातेस" असं कुणी म्हटलं असतं तर तिनं लाटणं फेकून मारलं असतं. आणि तपकिरीची डबी कनवटीला असायचीच.

आता, चिमूटभर पुडीचा आणि पोटाच्या टाक्यांचा संबंध काय, हे समजायला थोडं मागं, आपल्या पुण्यालाच जावं लागतं. इंग्रज आणि टिपू यांच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आहे. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हे, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. त्यानं मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. दोन इंग्रज डॉक्टर तिथं हजर होते. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून युरोपातले सर्जन हे काम शिकले.

यातली खरी मेख पुढंच आहे. त्या कारागिरानं कपाळाची कातडी पुरती कापून वेगळी केलीच नाही. दोन भुवयांच्या मध्ये तिचा बारीकसा देठ शिल्लक ठेवला. पान झाडावर देठानं जगतं तशी ती कातडी त्या देठातून येणाऱ्या रक्तावर जगली. नाकाच्या जागी ती नीट रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, त्यानं देठ कापला.

आजचं ऑपरेशन थिएटर कितीही चकचकीत असलं तरी नियम तोच आहे. पोटाच्या ऑपरेशनात खाली, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. तिथून वर बरगड्यांपर्यंत कातडी आणि चरबीचा पदर खालच्या थरापासून सोडवतात, खाली ओढतात, जादा कापून उरलेला शिवतात. मधल्या नसा या सोडवण्यात तुटतातच. रक्त आता फक्त वरून आणि बाजूंनी येणार. मग सगळ्यांत लांब राहिलेला भाग कोणता? बेंबीच्या खालचा, मधोमध. वहिनींचा काळा पडला तो नेमका तेवढाच. चेहऱ्याच्या सुरकुत्या ओढून घेण्याच्या ऑपरेशनात हीच नाजूक जागा कानामागं असते. छाती लहान करताना स्तनाग्राभोवती आणि खाली टाक्यांच्या दोन रेघा मिळतात तिथं. कर्करोगात काढलेला स्तन पोटाच्या कातडीतून पुन्हा घडवतात, त्यातही हीच भीती. पापण्यांचं छोटं ऑपरेशन असेल तर धोका कमी, कारण तिथं कातडी फारशी सोडवावी लागत नाही.

अशा वेळी त्या पदराला मोजकंच रक्त मिळत असतं. आणि तंबाखूतलं निकोटीन करतं काय, तर बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. भाजीवाल्यानं पाण्याचा पाइप पायाखाली दाबावा तसं. एरवी निरोगी कातडीला हे चालून जातं, आपल्याला जाणवतही नाही. पण देठावर जगणाऱ्या कातडीला तेवढंच भारी पडतं. विडी-सिगारेटच्या धुरात आणखी एक वैरी असतो, कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं गुदमरतात ती यानंच. रक्तात प्राणवायूची जागा हा वायू पटकावतो. म्हणजे रक्त आधीच कमी, आणि त्यातही प्राणवायू कमी. मशेरीत धूर नाही, त्यामुळं हा दुसरा वैरी नाही. पण पहिला आहे, आणि हिरडीतून तो सावकाश, बराच वेळ झिरपत राहतो. दिवसातून सहा वेळा लावली तर त्या नसांना मोकळा श्वास घ्यायला वेळ मिळणार कधी?

अभ्यास बहुतेक सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेत. न्यूयॉर्कच्या डॉ. थॉमस रीस यांनी १९८४ साली चेहऱ्याच्या कातडीच्या हजाराहून जास्त ऑपरेशनांचा हिशेब मांडला, तेव्हा कातडी मरण्याचा धोका ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांच्या सुमारे बारापट दिसला. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २००२ साली उलट बाजूनं बघितलं. गुडघा आणि खुबा बदलायचे अशा, सिगारेट ओढणाऱ्या १२० माणसांपैकी निम्म्यांना त्यांनी ऑपरेशनच्या सहा-आठ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला किंवा कमी करायला मदत केली. त्या गटात जखमेचा त्रास शेकडा ५ जणांना झाला. ज्यांना अशी मदत मिळाली नव्हती त्यांच्यात शेकडा ३१ जणांना. मशेरीचे असे मोठे अभ्यास नाहीत, म्हणून ती सुरक्षित असं कुणी समजू नये. निकोटीन दोन्हीकडं एकच, म्हणून सर्जन सगळ्याच प्रकारांना मनाई करतात.

किती दिवस? याचं उत्तर चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर, असं साधारण देतात. काही डॉक्टर सहा सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा तोच खरा मानायचा. "निकोटीन तर दोन-चार दिवसांत अंगातून जातं म्हणे, मग महिना कशाला?" असं वहिनींनीही विचारलं होतं. निकोटीन जातं हो, पण जखम भरणाऱ्या आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी मरगळलेल्या असतात, त्या ताळ्यावर यायला आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली हेच सांगितलं, की किमान चार आठवडे आधी सोडल्यास ऑपरेशनमधली गुंतागुंत कमी होते, आणि चारनंतरचा तंबाखूवाचून गेलेला प्रत्येक आठवडा आणखी फायद्याचा.

आणि उशिरा कळलं म्हणून गप्प बसायचं नाही. दोनच आठवडे उरले असले तरी सांगायचं. डॉक्टर तारीख पुढे ढकलतील, नाहीतर कातडी कमी सोडवण्याची पद्धत निवडतील. हौसेच्या किंवा सोयीच्या ऑपरेशनची तारीख हलवता येते. लग्नसराईपूर्वी उरकायचं म्हणून घाई करण्यात काही हशील नाही. कर्करोगासारखं तातडीचं ऑपरेशन असेल तर मशेरी सुटायची वाट बघत मात्र बसू नये. तिथं लगेच सांगायचं आणि त्या दिवसापासून थांबायचं.

काही मोठ्या रुग्णालयांत लघवीची किंवा रक्ताची कोटिनीन नावाची तपासणी करतात. निकोटीन अंगात मोडलं की हे कोटिनीन तयार होतं आणि ते काही दिवस सापडतं. पोलिसांच्या धाडीसारखं वाटतं खरं, पण सर्जनची बाजू बघा: कातडी मेली की ती पुन्हा आणायचा उपाय त्यांच्यापाशी नसतो. या तपासणीत एक गंमत आहे. तंबाखू सोडवायला औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगम आणि पट्ट्या मिळतात, त्या वापरणारीचीही तपासणी तशीच येते, कारण त्यांतही निकोटीनच. तंबाखूपेक्षा ते केव्हाही बरं. पण कातडीच्या ऑपरेशनला बरेच सर्जन तेही नको म्हणतात. तेव्हा च्युइंगम घेत असाल तर तेही सांगायचं. कॉलेजातल्या मुलीला नाकाच्या ऑपरेशनला नेणाऱ्या आयांनी तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्यावं. २०१९ पासून आपल्याकडे ई-सिगारेटवर बंदी आहे, तरी ती पोरींच्या पर्शीत सापडते आणि आईसमोर कुणी कबूल करत नाही.

पुरुषमंडळींबद्दलही एक शब्द. वहिनींचे मालक घरात, पलंगावर बसून सिगारेट ओढतात. तो धूर बायकोच्याही छातीत जातोच. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे त्यांनी गच्चीवर जावं, यात फार काही मागणं नाही. वहिनींच्या दुसऱ्या वेळेला ते गेलेही.

हो, दुसरी वेळ आली. तो जखमेचा रुंद, ओढलेला व्रण नीट करायला डॉक्टरांनी वर्षभरानं बोलावलं. यावेळी मशेरी सोडायची होती, आणि पंचवीस वर्षांची सवय काही सांगितल्याबरोबर सुटत नाही. वहिनींनी कसं केलं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं ते सांगते. पहिले तीन-चार दिवस डोकं ठणकलं, झोप उडाली, पोरांवर उगाच ओरडल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे पोट साफ होईना. पहाटे उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका आणि जेवणात पालेभाजी वाढवली, तेव्हा आठवड्याभरात ते मार्गी लागलं. डबी फेकून दिली, आणि भाजायचा तवासुद्धा बोहारणीला देऊन टाकला. दुपारी दोनची वेळ कठीण जायची. तेव्हा तोंडात बडीशेप किंवा लवंग, आणि दाराआड बसण्याऐवजी शेजारी, म्हणजे माझ्याकडे, चहाला. माझी साखर त्या महिन्यात बरीच संपली! दाढ खरोखरच किडलेली होती, ती दातांच्या डॉक्टरांकडून काढून घेतली. मशेरीनं दुखणं दडपलं जात होतं, दाढ आतून सडतच होती.

मधे एकदा, पंधराव्या दिवशी, माहेरी लग्नात त्यांनी लावलीच. रडत माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. तारीख पंधरा दिवस पुढे केली, बस. सरकारचा एक फुकट फोनही आहे, १८००-११-२३५६, तंबाखू सोडायला मदत करणारा. तंबाखूच्या पाकिटांवर तो छापलेला असतो, पण सुट्टी तंबाखू आणून घरी भाजणारीला तो दिसायचा कुठून, म्हणून इथं दिला.

आणि तो फॉर्म? यावेळी नर्सबाईंनी पुन्हा तेच विचारलं. सासूबाई पुन्हा शेजारीच होत्या. वहिनींनी आधीच घरून चिठ्ठी लिहून आणली होती, ती नर्सबाईंच्या हातात दिली: "मशेरी, २५ वर्षे, दिवसातून ५-६ वेळा. बंद करून सहा आठवडे झाले." ज्यांना चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो त्यांना ही चिठ्ठीची युक्ती चांगली. तेही जमत नसेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावं, घरच्यांना जरा बाहेर बसवा. सांगताना नुसतं "तंबाखू" म्हणू नका. मशेरी, तपकीर, जर्दा, जे असेल त्याचं नाव आणि दिवसातून किती वेळा ते सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही वेगळं सांगा. त्यांना तोंडातून नळी घालायची असते, आणि मशेरीनं हिरड्या सुटून दात हलत असतील तर ते आधी माहीत असलेलं बरं. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी म्हणजे तोंडात काहीच नाही. दात साध्या ब्रशनं घासायचे.

घरी आल्यावर जखमेकडे स्वतः बघायची सवय ठेवा, आरशात किंवा लेकीकडून. टाक्यांजवळची कातडी निळी-जांभळी किंवा काळपट दिसू लागली, आजूबाजूपेक्षा गार लागली, पाणी येऊ लागलं, वास आला, ताप आला, तर पुढच्या ड्रेसिंगच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी फोन करा, रविवार असला तरी. पहिल्या वेळी वहिनींना तिसऱ्या दिवशीच पोट एका जागी गार लागत होतं. पट्टी घट्ट बसली असेल, असं त्यांना वाटलं होतं.